सज्जतेच्या अहवालात ‘नाही’ लिहिण्याची मुभा हवी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘ऑपरेशन सिंदूर’नंतर वृत्तपत्रांतून आणि पुण्यातल्या अनेक सभा-व्याख्यानांतून लष्कराच्या सज्जतेविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. क्षेपणास्त्रे, ड्रोन, लढाऊ विमानांच्या स्क्वाड्रनची संख्या, स्वदेशी उत्पादन या साऱ्यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी. परंतु अमुक एक बटालियन किंवा रेजिमेंट लढण्यास सज्ज आहे हे ठरवतो कोण, कशावरून ठरवतो, आणि ही माहिती बटालियनमधल्या कंपनीच्या (तुकडीच्या) कचेरीतून निघून संरक्षण मंत्रालयापर्यंत पोहोचेतो तिचे काय होते, हा प्रश्न त्या चर्चेत फारसा कोणी विचारला नाही. लष्कराच्या ईएमई (इलेक्ट्रॉनिक्स आणि मेकॅनिकल इंजिनिअर्स) कोअरमध्ये, वाहने आणि शस्त्रे यांच्या तपासणीत, उमेदीची वर्षे घालवलेला निवृत्त अधिकारी म्हणून हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्याच्या बढतीचा निर्णय या अहवालावर अवलंबून असतो, त्याच्याच सहीवर अहवाल विसंबून राहू नये आणि ‘सज्ज नाही’ असे प्रामाणिकपणे लिहिणाऱ्या अधिकाऱ्याचे त्यापायी नुकसान होऊ नये, एवढेच मला या पत्रातून मांडायचे आहे.

जगातील अनेक सैन्यांत युनिटची सज्जता चार अंगांनी मोजली जाते: माणसे, हाती असलेली सामग्री, त्या सामग्रीची अवस्था आणि प्रशिक्षण. ऐकताना हे सरळ वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक अंगात एक आकडा कागदावरचा असतो आणि एक मैदानावरचा. माणसांचेच पाहा. मंजूर संख्या एक असते आणि रोज सकाळच्या परेड स्टेटवर, म्हणजे हजेरीच्या तक्त्यावर, दिसणारी संख्या दुसरी. कोणी रजेवर, कोणी कोर्सला, कोणी मुख्यालयात अटॅचमेंटवर, कोणी युनिटबाहेरच्या नेमणुकीवर, कोणी लो मेडिकल कॅटेगरीत, असे वजा करत गेल्यावर खंदकात उतरू शकणाऱ्यांची जी संख्या उरते, ती लढाईत खरी. त्यातही सिग्नलचा जाणकार, रणगाड्याचा गनर किंवा अनुभवी मेकॅनिक यांपैकी एकाची जागा रिकामी असेल, तर टक्केवारी उत्तम असूनही ते युनिट लंगडे असते. कोविडच्या काळात सैन्याची नियमित भरती दोन वर्षे थांबली होती. त्या खंडाचा भार युनिटांनी कसा पेलला, हे केवळ एकूण संख्येवरून कधीच कळणार नाही.

सामग्रीच्या बाबतीत तर हक्काची संख्या, हाती असलेली संख्या आणि चालू स्थितीतील संख्या या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्या एकमेकींत मिसळू दिल्या की अहवाल बिघडतो. लष्करी भाषेत ‘व्हीओआर’ म्हणजे रस्त्यावर न धावू शकणारे वाहन. एखादे वाहन सुट्या भागाची वाट पाहत सहा महिने व्हीओआर राहिले, तर त्याचे दुसरे भाग काढून इतर वाहनांना बसवले जातात, कारण बाकीची तरी चालली पाहिजेत. हा मार्ग काही वेळा अपरिहार्य असतो. मात्र वार्षिक तपासणीच्या आदल्या आठवड्यात शेजारच्या युनिटमधून बॅटऱ्या आणि टायर आणून वाहने उभी करणे आणि तपासणी आटोपताच ते परत करणे, याला अपरिहार्य म्हणता येत नाही. असे घडताना मी पाहिले आहे. ते करणारे लोक बेईमान नव्हते. आपल्या जवानांसाठी रात्रंदिवस राबणारे, निष्ठावान लोक होते. तपासणीच्या दिवशी वाहन सुरू झाले पाहिजे, एवढेच त्यांना सांगण्यात आले होते, आणि ते त्यांनी करून दाखवले.

प्रशिक्षण मोजणे सर्वांत अवघड. किती जवानांनी बीपीईटी (शारीरिक क्षमतेची चाचणी) पार केली, किती जण गोळीबारात पहिल्या श्रेणीत आले, हे मोजता येते आणि नोंदवले जाते. पण अहिल्यानगरच्या के. के. रेंजवर रणगाड्याने लक्ष्य टिपले म्हणून तो रणगाडा, त्याच्या पाठीमागचे पायदळ, तोफखान्याचा निरीक्षक आणि दुरुस्ती पथक रात्रीच्या अंधारात, वायरलेस जाम झालेला असताना एकत्र काम करू शकतील, असे म्हणता येत नाही. ते फक्त मोठ्या सरावात दिसते, आणि सराव खर्चिक असतो. त्यामुळे जे मोजायला सोपे ते अहवालात ठळकपणे येते, आणि जे महत्त्वाचे ते शेऱ्याच्या रकान्यात एका वाक्यात बसवले जाते.

अमेरिकेच्या पद्धतीचा आपल्याकडे वारंवार दाखला दिला जातो, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो. तेथे युनिटला ‘सी-१’ ते ‘सी-४’ अशी श्रेणी दिली जाते. पुनर्रचना चालू असलेल्या युनिटसाठी ‘सी-५’ वेगळी. वर सांगितलेल्या चार अंगांना स्वतंत्र गुण मिळतात आणि सर्वसाधारणपणे त्यांतील सर्वांत कमी गुण हीच युनिटची श्रेणी ठरते. हा नियम मला फार योग्य वाटतो. माणसे भरपूर आणि शस्त्रे नादुरुस्त असतील, तर दोहोंची सरासरी काढून काही हाती लागत नाही. कमांडरला आपल्या जबाबदारीवर ही श्रेणी वर-खाली करता येते, मात्र कारण लेखी द्यावे लागते. पुढे त्यांनी आणखी एक सुधारणा केली. नुसती साधने मोजण्याऐवजी, नेमून दिलेले काम हे युनिट करू शकेल का, याचे ‘हो’, ‘अटींसह हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर कमांडरला द्यावे लागू लागले.

एवढी काटेकोर व्यवस्था असूनही २०१७ साली काय झाले, ते आपण पाहिले पाहिजे. त्या वर्षी १७ जूनला जपानजवळ ‘फिट्झजेराल्ड’ ही अमेरिकी विनाशिका एका मालवाहू जहाजावर आदळली आणि ७ नाविक मृत्युमुखी पडले. २१ ऑगस्टला सिंगापूरजवळ ‘जॉन एस. मॅकेन’ची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर होऊन आणखी १० जण गेले. दोन्ही जहाजे त्यांच्या आरमाराच्या सर्वाधिक वापरात असलेल्या ताफ्यातील होती. अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने दाखवून दिले की जपानमध्ये तळ असलेल्या क्रूझर आणि विनाशिकांवरील कर्मचाऱ्यांची ३७ टक्के युद्धकौशल्य प्रमाणपत्रे जून २०१७ मध्ये मुदत संपलेली होती, आणि दोन वर्षांपूर्वीच्या तुलनेत हे प्रमाण पाचपटीहून अधिक वाढले होते. जहाजांना प्रशिक्षणासाठी राखून ठेवलेला वेळच उरला नव्हता. एका मोहिमेतून दुसऱ्या मोहिमेत ती जात राहिली, आणि त्रुटी माहीत असूनही ‘जोखीम पत्करून’ जाण्याची मंजुरी देणारे कागद तयार होत राहिले. म्हणजे उणीव दडली नव्हती, ती नोंदलेली होती. नोंद वाचून ‘हे जहाज आता बाहेर पाठवू नका’ असे म्हणणारा कोणी नव्हता. मला ही गोष्ट खोट्या अहवालापेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

त्याआधी, २०१५ मध्ये, अमेरिकी लष्कराच्याच वॉर कॉलेजमधील दोन अभ्यासकांनी एक कटू निष्कर्ष काढला होता. वरून येणाऱ्या सक्तीच्या सूचना आणि प्रशिक्षणे इतकी असतात की ती सारी पूर्ण करण्याइतके दिवस वर्षात नसतात, आणि तरीही ‘पूर्ण झाले’ असे कळवावेच लागते. त्यामुळे एरवी अत्यंत सचोटीचे अधिकारीही हळूहळू खोट्या सह्यांना सरावतात. लष्कराच्या स्वतःच्या संस्थेने हे लिहिले आणि जाहीर केले, याचा मला आदर वाटतो. आपल्याकडे असा अभ्यास व्हायचा असेल, तर तो करण्यासाठी पुण्याइतके योग्य शहर नाही. दक्षिण मुख्यालय येथे आहे, खडकवासल्याची प्रबोधिनी येथे आहे, लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय दापोडीला आहे, आणि ज्यांनी तीस-तीस वर्षे अशा अहवालांवर सह्या केल्या असे शेकडो निवृत्त अधिकारी वानवडी, घोरपडी आणि खडकीच्या परिसरात राहतात.

आता आपल्याकडचे पाहू. युनिटांच्या श्रेणी आपण जाहीर करत नाही, आणि त्या जाहीर होऊ नयेत हेच बरोबर आहे. परंतु एकूण चित्र नागरिकांसमोर आणण्याचे काम महालेखापरीक्षकांनी, म्हणजे ‘कॅग’ने, काही काळ उत्तम रीतीने केले. लष्कराकडे ४० दिवसांच्या तीव्र लढाईला पुरेल इतका दारूगोळा राखीव असावा, असा ठरलेला निकष होता, आणि २० दिवसांचा साठा ही किमान स्वीकारार्ह पातळी मानलेली होती. २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालानुसार, सप्टेंबर २०१६ च्या स्थितीत दारूगोळ्याच्या १५२ प्रकारांपैकी केवळ ३१ प्रकार पूर्ण निकषात बसत होते, ५५ टक्के प्रकार २० दिवसांच्या पातळीखाली होते आणि ६१ प्रकारांचा साठा १० दिवसांनाही पुरला नसता. या अहवालांत फ्यूजच्या, म्हणजे तोफगोळ्याचा स्फोट घडवणाऱ्या भागाच्या, तुटवड्याचाही उल्लेख होता. तोफगोळा एका यादीत आणि त्याला लागणारा फ्यूज दुसऱ्या यादीत मोजला जातो. गोळ्यांचा साठा समाधानकारक आणि फ्यूज मात्र नाहीत, अशा स्थितीत तोफखाना कागदावर सुसज्ज असतो आणि तोफ गप्प राहते. फ्यूजविना गोळा साठ्यात धरूच नये, इतका साधा नियम का असू नये?

हे आकडे बाहेर आले तेव्हा ‘शत्रूला माहिती दिली’ अशी ओरड झाली. ती ओरड करणाऱ्यांच्या देशप्रेमाविषयी मला शंका नाही. पण त्याच सुमारास काय हालचाल झाली, तेही पाहावे. उरीच्या हल्ल्यानंतर तातडीच्या खरेदीला गती आली, आणि २०१७ मध्ये लष्कराच्या उपप्रमुखांना दारूगोळ्याच्या निवडक प्रकारांसाठी खरेदीचे थेट अधिकार मिळाले. पुढच्याच वर्षी, मार्च २०१८ मध्ये, उपप्रमुख लेफ्टनंट जनरल शरत चंद यांनी संसदेच्या संरक्षण विषयक स्थायी समितीपुढे सांगितले की लष्कराची ६८ टक्के सामग्री जुनाट श्रेणीतील आहे, २४ टक्के सध्याच्या पिढीची आणि अवघी ८ टक्के अत्याधुनिक. गणवेशातील अधिकाऱ्याने लोकप्रतिनिधींना असे स्पष्ट सांगणे हे लोकशाहीचे बळ आहे असे मी मानतो. याउलट मार्च २०१२ मध्ये तत्कालीन लष्करप्रमुख जनरल व्ही. के. सिंह यांनी पंतप्रधानांना लिहिलेले पत्र फुटले, तेव्हा रणगाड्यांच्या दारूगोळ्याची आणि हवाई संरक्षणाची स्थिती काय आहे यापेक्षा पत्र फोडले कोणी यावरच देशात अधिक गदारोळ झाला. त्याच्या तेरा वर्षे आधी, कारगिलच्या वेळी, जे हाती आहे त्यानिशी लढू, असे तेव्हाचे लष्करप्रमुख जनरल वेदप्रकाश मलिक यांना जाहीरपणे सांगावे लागले होते. इतक्या वर्षांत अहवाल लिहिले जात नव्हते असे नाही.

अलीकडे मात्र उलटा प्रवाह दिसतो. संरक्षणविषयक लेखापरीक्षण अहवाल संकेतस्थळावर न टाकण्याचा निर्णय जाणीवपूर्वक घेतल्याचे तत्कालीन महालेखापरीक्षक राजीव महर्षि यांनी २०२० मध्ये सांगितले होते. जर्मनीत असेच घडले. तेथे संसदेने नेमलेले संरक्षण आयुक्त दरवर्षी सैन्याच्या अवस्थेचा खुला अहवाल देतात. २०१७ च्या अखेरीस देशाच्या सहापैकी एकही पाणबुडी समुद्रात जाण्याच्या स्थितीत नव्हती, हे जगाला त्या वेळी कळले. त्यानंतर तेथील मंत्रालयाने सामग्रीच्या सज्जतेचा तपशीलवार अहवाल गोपनीय ठरवला. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले, त्याच दिवशी जर्मन लष्करप्रमुखांनी आपले सैन्य जवळपास रिकाम्या हाताने उभे आहे, अशी जाहीर कबुली दिली. जवळपास तीन वर्षांच्या गोपनीयतेने त्यांच्या भांडारात एका सुट्या भागाचीही भर पडली नव्हती.

गोपनीयतेची गरज मी नाकारत नाही. कोणत्या ब्रिगेडमध्ये किती रणगाडे बंद आहेत, हे कोणालाही कळता कामा नये. पण युनिटचे नाव, ठिकाण आणि तारीख गाळून, प्रकारवार टक्केवारी संसदीय समितीला बंद दाराआड देणे आणि काही वर्षांनी ती प्रसिद्ध करणे यात धोका नाही. अमेरिकेत युनिटांच्या श्रेणी गुप्त असतात, तरीही ठरावीक मुदतीने संसदेला सज्जतेचा अहवाल देणे तेथे कायद्याने बंधनकारक आहे. आपल्याकडे १९६२ च्या पराभवाची चौकशी करणारा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल साठ वर्षे उलटूनही अधिकृतपणे खुला झालेला नाही. ज्या पिढीने तो पराभव भोगला, तीही आता जवळपास संपली. मग तो कोणापासून राखला जात आहे?

तपासणारा आणि तपासला जाणारा यांची फारकत ही आपल्या मातीला नवी गोष्ट नाही. शिवछत्रपतींच्या किल्ल्यांवर हवालदार आणि सरनोबत यांच्या जोडीला सबनीस आणि कारखानीस असत. हजेरी आणि हिशेब सबनिसाकडे, धान्य व दारूगोळ्याचा साठा कारखानिसाकडे, आणि कोणा एकाच्या मर्जीवर गड चालू नये म्हणून अधिकार मुद्दाम वाटलेले. हजेरीपटावर स्वार आणि तबेल्यात घोडा नाही, हा गैरप्रकार त्या काळच्या सर्व सत्तांना छळत होता. मोगलांनी तर त्यासाठी घोड्यांना डाग देण्याची आणि शिपायांची चेहरेपट्टी नोंदवण्याची पद्धत राबवली. आजचा प्रश्न इतका ढोबळ नाही. आजचा कमांडिंग ऑफिसर नसलेला जवान दाखवत नाही. तो ‘बहुतांशी सज्ज’ लिहितो, ब्रिगेडमध्ये त्याचे ‘सज्ज’ होते, आणि डिव्हिजनच्या सादरीकरणात त्याचा हिरवा चौकोन होतो. वाटेत कोणीही ठरवून खोटे बोललेले नसते. कमांडिंग ऑफिसरला त्या पदावर जेमतेम दोन-तीन वर्षे मिळतात, आणि पुढच्या बढतीसाठी तीच निर्णायक असतात. त्या काळात ‘माझे युनिट सज्ज नाही’ असे लिहिणारा अधिकारी नाकर्ता ठरेल, या भीतीचे निराकरण व्यवस्थेने केले पाहिजे. प्रत्येक अधिकाऱ्याकडून असामान्य धैर्याची अपेक्षा करणे न्याय्य नाही.

ते धैर्य वरच्या पातळीवर दिसल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे, आणि ते आपण अभिमानाने सांगतो. एप्रिल १९७१ मध्ये लगेच पूर्व पाकिस्तानात शिरण्याविषयी विचारणा झाली, तेव्हा आपण सज्ज नसल्याचे आपण पंतप्रधानांना स्पष्ट सांगितले, असे जनरल सॅम माणेकशा पुढे आपल्या व्याख्यानांतून सांगत असत. मान्सून, हिमालयातील खिंडी, विखुरलेले सैन्य आणि चालू स्थितीतील मोजके रणगाडे, ही कारणे त्यांनी दिली. या प्रसंगाच्या तपशिलांवर इतिहासकारांत मतभेद आहेत. तयारीसाठी वेळ घेतला गेला आणि युद्ध डिसेंबरमध्ये झाले, याबद्दल मात्र नाहीत. आपण हा प्रसंग सांगताना माणेकशांच्या बाणेदारपणावर भर देतो. मला इंदिरा गांधींचे वागणेही तितकेच महत्त्वाचे वाटते, कारण न आवडणारे उत्तर देणाऱ्या सेनापतीला त्यांनी पदावर ठेवले.

काय करता येईल, याविषयी माझ्या अनुभवातून थोडे सांगतो. पूर्वसूचना देऊन होणाऱ्या वार्षिक तपासणीला तिचे स्थान आहे, पण सज्जतेची श्रेणी तिच्यावर ठरू नये. ती ठरवण्यासाठी दुसऱ्या कमांडमधील पथकाने न कळवता यावे, त्याच दिवशी युनिटला ठरावीक तासांत बाहेर पडायला सांगावे, आणि किती वाहने फाटकाबाहेर पडली, किती पन्नास किलोमीटर गेली, किती वायरलेस संच बोलले, हे मोजावे. उणीव कमांडरच्या हातातील आहे की वरून पुरवठा न झाल्याने आहे, हे अहवालात वेगळे दिसावे, म्हणजे सुट्या भागांच्या टंचाईचा दोष बटालियनच्या माथी बसणार नाही. ज्या अधिकाऱ्याने स्वतःहून कमी श्रेणी कळवली आणि नंतरच्या तपासणीत ती खरी ठरली, त्याच्या गोपनीय अहवालात ही गोष्ट गुण म्हणून नोंदवली जावी. आणि कमी श्रेणी मिळालेल्या युनिटला ठरावीक मुदतीत काय दिले गेले, याचे उत्तर वरच्या मुख्यालयाने लेखी द्यावे, कारण ‘फिट्झजेराल्ड’च्या बाबतीत नेमकी हीच कडी तुटलेली होती.

या शहराचा या विषयाशी संबंध केवळ निवृत्तांपुरता नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासून चालू आहे. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळाची पुनर्रचना झाल्यावर दारूगोळा बनवणाऱ्या ‘म्युनिशन्स इंडिया’ कंपनीचे मुख्यालयही पुण्यातच आले, आणि लष्कराचे बेस वर्कशॉप खडकीतच आहे. सीमेवरच्या युनिटने ‘साठा अपुरा’ किंवा ‘इंजिन दुरुस्तीच्या प्रतीक्षेत’ असे लिहिले की त्याचे उत्तर अनेकदा याच शहरातल्या कामगारांना आणि अभियंत्यांना द्यायचे असते. अहवाल खरा आला तरच त्यांच्यापर्यंत योग्य मागणी योग्य वेळी पोहोचते. संरक्षण विषयक स्थायी समिती दरवर्षी अर्थसंकल्पाच्या काळात अनुदानाच्या मागण्या तपासते. पुणे जिल्ह्यातील खासदारांनी त्या वेळी समितीमार्फत तीन प्रश्न लेखी विचारावेत, अशी माझी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती आहे: सज्जतेची श्रेणी ठरवणारे पथक त्या कमांडबाहेरचे असते का, गेल्या पाच वर्षांत किती तपासण्या पूर्वसूचनेविना झाल्या, आणि दारूगोळ्याच्या किती प्रकारांचा साठा आज २० दिवसांच्या पातळीवर आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बंद दाराआड मिळाले तरी चालेल. पहिल्या दोहोंत लपवण्यासारखे काही नाही.

आपला विश्वासू,
एक निवृत्त ईएमई अधिकारी,
वानवडी, पुणे